सगळ्यांना एकच वेगळं मत

बसा, बसा. चहा घ्या, पण कप जरा दोन्ही हातांनी धरा. हा किस्सा ऐकताना माझ्या मेव्हण्याने हसून हसून अख्खा चहा सोफ्यावर सांडला होता. डाग अजून गेला नाही. तुम्ही बसलायत ना, त्याच्या खालीच आहे. आपली फजिती आपणच सांगितलेली बरी, नाहीतर तो सूर्यवंशी सांगत सुटतो आणि वर पदरच्या चार गोष्टी घालतो.

तर तुम्हाला माहीतच आहे, मी मूळचा सिन्नरचा. गॅसच्या प्लांटवर मेंटेनन्स बघतो, इथे दोहात अल दुहैलला राहतो, बायको मेघना, एक मुलगी ईरा. सगळं कसं बेताचं, नाकासमोर. माझ्या आयुष्यात खरी मोठी गोष्ट एकच घडली आणि ती नववीत घडली. वादविवाद स्पर्धेत मी तालुक्यात पहिला आलो! ती ढाल बघा, टीव्हीच्या शेजारी. गावाकडून येताना लोक लोणची-पापड आणतात, मी बॅगेत ढाल घालून आणली. दोहाच्या विमानतळावर कस्टमवाल्याने ती उलटीपालटी करून पाहिली.

"व्हॉट इज धिस?"

"फर्स्ट प्राइज, सर."

"इन व्हॉट?"

"टॉकिंग."

त्याने एकदा ढालीकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "खलास, गो."

विषय कोणता होता म्हणता? सांगतो हो, पळून चाललोय का मी?

आधी वादविवाद म्हणजे काय ते ऐका, तुमच्यात इंग्लिश मीडियमवाले आहेत म्हणून सांगतो. दोन मुलं जायची. स्पर्धेच्या जागी टेबलावर दोन चिठ्ठ्या. अनुकूल निघाली तर अनुकूल बोलायचं, प्रतिकूल निघाली तर प्रतिकूल. दोन्ही भाषणं आमचे बोडके सर एकाच बैठकीत लिहायचे. आपण पाठ करायची, हातवारे बसवायचे आणि तळमळीने बोलायचं. तळमळ फार महत्त्वाची, तिला वेगळे गुण असायचे. गळा कुठे दाटून आणायचा, तिथे सर पेन्सिलने फुली मारून द्यायचे. आता तुम्ही म्हणाल, आणि आपलं स्वतःचं मत? त्याचा काय संबंध? ते कोणी मागितलंय?

ही अशी माझी तयारी. आता इकडचं ऐका.

इथल्या एका विद्यापीठात एक केंद्र आहे. काम काय, तर बौद्धिक विविधता जोपासायची आणि पाश्चात्त्य संस्कृतीचा अभ्यास करायचा. ग्रीक, रोमन आणि त्यांच्या पुढची सगळी मंडळी. म्हणजे बाहेर अंडं फुटून आम्लेट होईल असं ऊन, आणि आत एसीमध्ये शाल पांघरून बसायचं नि तो विष प्यालेला ग्रीक म्हातारा नक्की काय म्हणाला त्यावर चर्चा करायची! मी मेघनाला विचारलं, "बौद्धिक विविधता म्हणजे गं काय?"

"प्रत्येकाने आपापलं वेगळं मत मांडायचं आणि दुसऱ्याने ते शांतपणे ऐकून घ्यायचं."

"त्याला केंद्र कशाला लागतं? आपल्या मंडळाची गणपतीची मीटिंग बघ म्हणावं."

"त्यात ऐकून घेणं कुठे असतं?" मेघना म्हणाली. ही बाई मोजकंच बोलते, पण लागेल असं बोलते.

तर ह्या केंद्राने शाळेतल्या मुलांसाठी शनिवारचा वर्ग काढला, वर्षभराचा. जागा अगदी थोड्या. आणि आमच्या ईराच्या डोक्यात बसलं, जायचंच! ईरा सतरा वर्षांची. मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं. "जेवायला ये गं" म्हटलं की "इन अ मिनिट". तिला इतिहास शिकायचा होता. पुढे कॉलेजलाही तेच, इतिहास आणि तत्त्वज्ञान. मी म्हटलं, इतिहास रविवारी वाचावा माणसाने, पोटासाठी इंजिनिअरिंग करावं. मी केलं, माझ्या भावाने केलं, आमच्या घराण्यात ज्याला म्हणून दोन हात होते त्याने इंजिनिअरिंग केलं.

यावर आमच्याकडे जे काही चालायचं ना! मी मराठीत ओरडायचो, ती इंग्रजीत ओरडायची आणि शेजारच्या फ्लॅटमधला इजिप्शियन भिंतीवर थापा मारायचा, बहुतेक अरबीत. शेवटी मेघनानेच तोड काढली. ईराची त्या वर्गासाठी निवड झाली, तर तिने काय शिकायचं ते तिचं ती ठरवणार. नाही झाली, तर सुट्टी लागल्याबरोबर मुकाट्याने इंजिनिअरिंगचा क्लास.

"डील?" ईराने हात पुढे केला.

"डील!" मी लगेच हात मिळवला. का नाही मिळवणार? मला वाटलं, असल्या ठिकाणी वकिलातीतल्या लोकांची पोरं घेत असतील, आपल्याला कोण विचारतो? क्लासची चौकशीसुद्धा करून ठेवली मी.

आणि तिथेच थांबलो असतो ना, तर आज तुम्ही हा चहा पिऊन क्रिकेटवर बोलत बसला असता.

पण निवड कशी होणार ते वाचलं आणि घात झाला. गोल टेबलाभोवती सहा मुलं बसणार. विषय आधीच दिलेला, 'पाश्चात्त्य संस्कृती ही सगळ्या जगाची आहे का?' मुलांनी त्यावर बोलायचं, पालकांनी मागे गप्प बसायचं. आणि खाली एक ओळ, 'वेगळ्या मतांचं स्वागत आहे.' अहो, हे वाचलं आणि माझ्या अंगात तालुका संचारला! ही तर वादविवाद स्पर्धा! आता माझी पोरगी स्पर्धेत उतरणार, आणि तीही हरण्यासाठी? गायधन्यांची मुलगी?

मी लगेच हिशेब मांडला. सगळी पोरं काय बोलणार? 'संस्कृती सगळ्यांची असते, आपण सारे एक आहोत.' अनुकूल बाजूला गर्दी. मग आपण प्रतिकूल घ्यायची. 'ज्यांची संस्कृती त्यांनी सांभाळावी!' भाषण तर गाडी चालवता चालवताच तयार झालं. त्यातलं शेवटचं वाक्य असं होतं की बोडके सर असते तर पाठ थोपटली असती. 'पाहुण्याने दिवाणखान्यात बसावं, स्वयंपाकघरात शिरू नये!' आणि 'शिरू नये'ला उजवी मूठ हवेत.

ईराला लुसैलला मैत्रिणीकडे सोडायला चाललो होतो, तेव्हा गाडीतच म्हणून दाखवलं. मूठसुद्धा करून दाखवली, त्यामुळे स्टिअरिंग जरा सुटलं. ती किंचाळली. मग म्हणाली, "बाबा, इट्स नॉट अ कॉम्पिटिशन. दे वॉन्ट माय ओपिनियन."

"अगं, हेच तुझं ओपिनियन! तयार आहे, फक्त पाठ कर."

"नो."

घरी आल्यावर मेघनाने विचारलं, "तुम्हाला नक्की काय हवंय हो? ती निवडली जायला हवी की नको?"

"नको! म्हणजे, निवडली जायला हवी. पण तसं इंजिनिअरिंग..." मी म्हटलं. "तू मला मध्येच टोकू नकोस गं."

असं भाषण वाया जाऊ द्यायचं? जीव तुटतो हो. आणि नेमका त्याच दिवशी सूर्यवंशी आला. सूर्यवंशी आमच्याच कंपाउंडमध्ये राहतो, मूळचा लातूरचा, पाण्याच्या पाइपलाइनच्या कामावर आहे. माणूस लाख, पण आवाज असा की त्याने हळू बोललेलं गेटवरच्या वॉचमनला ऐकू जातं. त्याच्या ओमनेही तिथेच अर्ज केला होता.

"साहेब, आमच्या लेकराला बी एखादं वेगळं मत द्या की," सूर्यवंशी म्हणाला. "त्याच्याकडं एकपण नाही. विचारलं तर नुसतं खांदे उडवतंय."

आता मला सांगा, घरात भाषण तयार, शिष्य दारात. दिलं! आठवडाभर ओमला घरी बोलावून घोटवलं. इंग्रजीत, हातवाऱ्यांसकट. पोरगं गुणी, आज्ञाधारक. सूर्यवंशीला बजावलं, "हे कोणाला बोलायचं नाही. वेगळं मत आहे, फुटलं तर साधं होईल."

त्याने कोणाला सांगितलं नाही. पण त्याचा आवाज! दोन दिवसांत जोगळेकर वहिनी हजर, पुण्याच्या, सोबत सानिका. मी तिला अनुकूल बाजू देऊ केली. चांगली होती हो, सुबक. वहिनींनी ऐकून घेतली आणि म्हणाल्या, "छान आहे. पण हे सगळेच बोलतील ना? सानिकाला वेगळं हवंय. तुमच्याकडे ते दुसरं आहे असं कानावर आलंय."

"अहो, ते एकाला दिलंय."

"मग आम्हाला नाही का द्यायचं? आम्ही काय परके?"

आता या 'आम्ही काय परके'वर माणसाने काय उत्तर द्यायचं? मला भीड पडते हो, भिडेपोटी मी आजवर चार विमा पॉलिसी घेतल्यात. दिलं सानिकाला. मग वहिनींची भिशीतली मैत्रीण आली वेदांतला घेऊन. तिलाही वेगळंच हवं! साधं मत कोणालाच नको. तिच्यासोबत चिवड्याचा डबा होता, तो मेघनाने उघडूनही टाकला होता. दिलं वेदांतलाही. प्रत्येकाला म्हटलं, "फक्त तुमच्यासाठी."

आणि मनात म्हटलं, इतके अर्ज आहेत, टेबलं वेगवेगळी असतील. एकाच टेबलावर तिघं कशाला येतील?

हसताय? थांबा, अजून यायचंय.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं पोचलो. इमारत अशी चकचकीत की फरशीत स्वतःचे बूट दिसत होते, आणि पॉलिश केलं नव्हतं हेही दिसत होतं. रिसेप्शनवरच्या मुलाला मी विचारलं, "परीक्षक किती आहेत? पहिली घंटा कितव्या मिनिटाला वाजते?" तो म्हणाला, "सर, घंटा नाहीये." मला जरा चुकचुकल्यासारखं झालं. घंटा नाही? मग मुलांनी थांबायचं कसं?

आत गेलो तर गोल टेबल. टेबलाशी कोण? ओम. ओमच्या शेजारी सानिका. सानिकाच्या शेजारी वेदांत! मग एक फिलिपिनो मुलगी, तिच्या शेजारी जासिम नावाचा एक कतरी मुलगा, आणि सहावी खुर्ची आमच्या ईराची. केंद्राने आमच्या भागातली मुलं मुलांच्या सोयीसाठी एकाच टेबलावर घेतली होती. मागे पालकांच्या रांगेत सूर्यवंशी, जोगळेकर वहिनी आणि वेदांतची आई, तिघंही माझ्याकडे बघून गुपचूप हसले. प्रत्येकाला वाटत होतं, ते गुपित आपल्या दोघांतलंच आहे. मीही तिघांकडे बघून गुपचूप हसलो. दुसरं काय करणार?

केंद्राच्या प्रमुख मार्गारेट बाई. साठीच्या, मूळच्या स्कॉटलंडच्या, पांढरे आखूड केस, पायात साध्या चपला. त्या म्हणाल्या, "इथे कोणी जिंकणार नाही, कोणी हरणार नाही. मनापासून बोला, एवढंच." मी मेघनाच्या कानात म्हटलं, "असं सगळेच परीक्षक सुरुवातीला म्हणतात."

ओमने सुरुवात केली. बसून बोलायचं होतं, हा उभा राहिला. काय बोलला म्हणता! शब्द न् शब्द. आणि शेवटी, "अ गेस्ट शुड सिट इन द हॉल! ही शुड नॉट एंटर द किचन!" मूठ हवेत. मागून सूर्यवंशीने टाळी वाजवली. बाई चकित झाल्या, म्हणाल्या, "किचन! वेल, दॅट इज डिफरंट." माझी छाती फुगली. क्षणभर मी विसरलोच की पुढे सानिका आहे.

सानिका उठली. ओम बोलला ते तिने ऐकलं होतं की, पण पाठ केलेलं भाषण असं मधेच बदलता येतं होय? तिनेही अतिथीला दिवाणखान्यात बसवलं, स्वयंपाकघरातून बाहेर काढलं आणि मूठ वर केली. जोगळेकर वहिनींचं तोंड उघडंच राहिलं. त्या हळूहळू माझ्याकडे वळल्या. मी छताकडे बघायला लागलो. छत छान होतं, लाकडी.

मग वेदांत. बिचारा उठला, बसला, आईकडे बघितलं, आईने कोपराने हवेतच ढोसलं, पुन्हा उठला. तिसऱ्यांदा तेच सुरू! पाहुणा, दिवाणखाना... आणि शेवटचं वाक्य आलं तेव्हा काय व्हावं? जासिमनेही त्याच्याबरोबर म्हटलं! दोनदा ऐकून त्या कतरी पोराचंही पाठ झालं होतं. "ही शुड नॉट एंटर द किचन!" दोघांच्या दोन मुठी. फिलिपिनो मुलगी टेबलाखाली तोंड घालून हसत होती. ईराने दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला होता. तिला कळलं होतं, हे स्वयंपाकघर कोणाचं ते.

मार्गारेट बाईंनी चष्मा काढून पुसला. "तीन जण," त्या म्हणाल्या, "आणि वेगळं मत एकच." मग ओमला अगदी प्रेमाने विचारलं, "मला सांग बाळा, पाहुण्याने स्वयंपाकघरात का जाऊ नये?"

आता हे काही भाषणात नव्हतं! ओमने मान वळवून मागे माझ्याकडे पाहिलं. मग सानिकाने पाहिलं. मग वेदांतने. मग सगळ्या खोलीने पाहिलं. आणि मला हे असे का बघतायत कळेना, म्हणून मी मेघनाकडे बघितलं, तर ती दातांवर दात रोवून म्हणाली, "अहो, हात खाली घ्या!"

माझी मूठ हवेत होती हो! मुलांबरोबर मीही तिन्ही वेळा मूठ वर करत होतो आणि तिसऱ्यांदा ती वरच राहिली होती!

"सर," मार्गारेट बाई म्हणाल्या, "तुम्हाला काही बोलायचंय का? या ना, इथे बसा."

खुर्ची आणली. नेमकी ईराच्या शेजारी. मी बसलो. तिने एवढंच म्हटलं, "बाबा, प्लीज." त्या 'प्लीज'ला मला खरंच कसंतरी झालं. तिचं सगळं या एका सकाळवर होतं आणि मी तिथे मूठ घेऊन बसलो होतो.

"हे तुमचं मत आहे का?" बाईंनी विचारलं.

"नो, नो मॅडम. दॅट इज ओन्ली प्रतिकूल बाजू."

"मग तुमचं मत काय?"

काय सांगू! मी तोंड उघडलं आणि आतून काही येईचना. प्रतिकूल विचारा, अनुकूल विचारा, पण माझं? पन्नाशीला आलो, पण हे मला कोणी विचारलंच नव्हतं. प्लांटवर साहेबाचं मत असतं, घरी मेघनाचं. मला लाज वाटली, खरी लाज. मुलीच्या देखत, परक्या माणसांत.

बाईंना दया आली असावी. त्या म्हणाल्या, "बरं, आयुष्यात कधी एखादी गोष्ट अगदी जीव ओतून मांडली आहेत का तुम्ही?"

हे मात्र मला झोंबलं. जीव ओतून? मला विचारता? "मॅडम! सिन्नर तालुका! फर्स्ट प्राइज!"

"ऑन व्हॉट?"

मागून सूर्यवंशी गरजला, "होऊन जाऊ द्या, साहेब!"

आणि मी उठलो. अहो, मी नाही उठलो, ते पाय आपोआप उठले. खुर्ची मागे सारली, छाती पुढे काढली आणि सुरू. "अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि इथे जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो! आजच्या वादविवादाचा विषय आहे, 'मुलांनी आपली वाट आपणच निवडावी', आणि मी विषयाच्या अनुकूल बाजूने बोलायला उभा आहे!"

ईराने चेहऱ्यावरचे हात काढले.

बघा, तुम्ही मघापासून विषय विचारत होता ना? हाच तो. ढालीवर कोरलेलाही आहे, पण रोजच्या वस्तूकडे कोण बघतं?

"काय म्हणतायत ते?" बाईंनी ईराला विचारलं. "सांगशील आम्हाला?"

"ओह, येस," ईरा म्हणाली. "आय विल ट्रान्सलेट एव्हरी वर्ड."

आणि माझी गाडी तर सुटलेली! वादविवादात एकदा सुरू झालं की शेवट आल्याशिवाय थांबता येत नाही. "मूल म्हणजे बापाच्या राहून गेलेल्या स्वप्नांचं गोदाम नव्हे!" मूठ. ईराने शांतपणे सांगितलं, "अ चाइल्ड इज नॉट अ वेअरहाउस फॉर अ फादर्स लेफ्टओव्हर ड्रीम्स." मी पुढे. "ज्याला वाहायचंय, त्याला पाइपात कोंबू नका!" मूठ. तिने तेही सांगितलं. हे सगळं मी शाळेत असताना म्हटलं होतं, पण कधी ऐकलं नव्हतं. आता एक एक वाक्य तिच्या तोंडून इंग्रजीत परत येत होतं आणि मला पहिल्यांदाच कळत होतं की अरे बापरे, हे आपण काय बोलतोय! कोणाविरुद्ध बोलतोय! पण थांबतो कसा?

"बापांनो, हात सोडा! बोट धरून पोराला चालता येतं, पण कुठे जायचं ते कळत नाही!"

ईरा म्हणाली, "फादर्स, लेट गो." पुढचं तिला म्हणता आलं नाही. डोळे भरले होते तिचे. आणि माझा गळा दाटून आला. नववीतही इथेच दाटून आला होता, पण तेव्हा बोडके सरांनी फुली मारून दिली होती. या वेळी फुली नव्हती.

मी खाली बसलो. मार्गारेट बाईंनी खुर्ची माझ्याकडे वळवली. मग हळूच विचारलं, "आणि आज? आज तुम्ही कोणत्या बाजूला आहात?"

मी ईराकडे पाहिलं. काय करणार? अख्खं टेबल साक्षीला.

"अनुकूल, मॅडम," मी म्हटलं.

सूर्यवंशीने टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनी. जोगळेकर वहिनींनीसुद्धा, जरा उशिरा.

त्यानंतर ईराची पाळी. ती उठली नाही, मूठ नाही, काही नाही. मला वाटलं, काही बोलता येणार नाही हिला. तिने इंग्रजीतच सांगितलं, त्याचं मराठी असं होतं, "संस्कृती कोणाची आहे ते मला माहीत नाही. पण माझ्या बाबांनी आत्ता जे शब्द म्हटले ते त्यांच्या सरांचे होते. इतकी वर्षं ते नुसते पाठ होते. आज ते त्यांना पटले, आणि त्यांचे झाले. मला वाटतं, ग्रीकांचंही तसंच असेल. ज्याला पटेल, त्याचं." एवढंच बोलली. मला काय वाटलं, ते शब्दांत सांगता यायचं नाही. माझ्यासारख्या माणसाला शब्दांत सांगता येत नाही, म्हणजे बघा.

बाईंनी मग त्या तिघांनाही म्हटलं, स्वयंपाकघर सोडा, तुमचं स्वतःचं सांगा. ओमने खांदे उडवले आणि मग म्हणाला, "लुसैलचं स्टेडियम रोमनांच्यासारखं गोल आहे, पण त्यात आम्ही ओरडतो. मग ते कोणाचं?" बाई खूश! आणि मी त्याला आठवडाभर काय शिकवलं, तर मूठ.

बाहेर आल्यावर जोगळेकर वहिनींनी मला दारातच गाठलं. "काय हो गायधनी, 'फक्त तुमच्यासाठी' ना?"

"वहिनी, मत तेच होतं, पण सानिकाची मूठ सगळ्यांत चांगली होती," मी म्हटलं. त्या पुढचे दोन महिने बोलल्या नाहीत. वेदांतच्या आईने चिवड्याचा रिकामा डबा मागून घेतला, धुऊन. सूर्यवंशी मात्र लिफ्टमध्ये हसून हसून भिंतीला टेकला होता. ओमची आणि ईराची दोघांचीही निवड झाली म्हटल्यावर तर त्याने कंपाउंडभर पेढे वाटले, आणि पेढ्यांबरोबर हा किस्साही वाटला.

आता दर शनिवारी मी दोघांना तिथे सोडतो आणि मागच्या रांगेत बसतो. तिथे आता एक पाटी लागली आहे, 'पालकांनी कृपया हात मांडीवर ठेवावेत.' मार्गारेट बाई ती मला दर वेळी बोटाने दाखवतात. ईराने कॉलेजसाठी इतिहासाचे अर्ज भरलेत. क्लासवाल्याचा फोन आला होता, मेघनानेच घेतला आणि "इन्शाल्ला, पुढच्या जन्मी" म्हणून ठेवून दिला.

नाही, मला वाईट नाही वाटत. खूश आहे पोरगी, आणि ती खूश आहे हे बघून मीही आहे. फक्त एक गोष्ट मनातून जात नाही. त्या दिवशी तालुक्याला टेबलावर दोन चिठ्ठ्या होत्या. मी डावीकडची उचलली. उजवीकडची माझ्याबरोबरच्या शिंदेला आली, 'मुलांची वाट आईवडिलांनीच निवडावी.' ते भाषणही बोडके सरांनीच लिहिलं होतं. तेही मला पाठ होतं, अजून आहे, आणि खरं सांगू? ते जास्त जोरदार होतं. हात जरा उजवीकडे गेला असता ना, तर माझी मुलगी इंजिनिअरच झाली असती!